अचूकपणाची नीती

माणसाला सेवानिवृत्ती असते, तशी ती शस्त्राला असते काय? प्रश्न ऐकताना थोडा गमतीचा वाटतो. परंतु त्याची निदान दोन उत्तरे जगाने देऊन ठेवली आहेत. त्यांपैकी एक येथे चेन्नईतच, एग्मोरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य १८५५ साली संपुष्टात आले आणि त्यांच्या शस्त्रागारातील काही निवडक हत्यारे येथे येऊन विसावली. मराठी माणूस त्यांच्यासमोर क्षणभर थांबतो आणि पुढच्या दालनाकडे वळतो. त्या हत्यारांकडून आता कोणाची काहीच अपेक्षा नाही. दुसरे उत्तर याहून विलक्षण आहे. शस्त्र निवृत्त करायचे नाही, कामावरच ठेवायचे. बदलायचे ते फक्त काम. स्वीडनच्या जुन्या लष्करी रायफलींच्या वाट्याला हे भाग्य आले. नेमबाजीचा नाद असलेल्या एका स्नेह्यामुळे मला त्यांची हकीकत कळली आणि तिच्यातून निघालेला प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

ही रायफल १८९६ सालची. रचना जर्मनीच्या माउझर कारखान्याची. पुढे स्वीडनने ती आपल्याच एस्किल्स्टुना येथील कार्ल गुस्ताफ कारखान्यात बनविली. तिच्या नळीचे माप साडेसहा मिलिमीटर आणि काडतुसाच्या पुंगळीची लांबी पंचावन्न मिलिमीटर. स्वीडन व नॉर्वे एकाच राजाच्या छत्राखाली होते, त्या काळात दोन्ही देशांनी मिळून हे काडतूस ठरविले. सैन्यात नवी स्वयंचलित हत्यारे आल्यावर या रायफली हळूहळू बाजूला पडल्या. परंतु त्या मोडीत निघाल्या नाहीत. स्वीडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नागरिकांच्या ऐच्छिक नेमबाजीची मोठी चळवळ होती. तिने या रायफली उचलल्या. १९६३ साली तर त्यांच्याच जुन्या यंत्रभागावर नवी नळी व नवा दस्ता बसवून केवळ निशाणबाजीसाठी एक रायफल तयार करण्यात आली. उरलेल्या परदेशी विकल्या गेल्या. आज अनेक देशांतील हौशी नेमबाज शंभर-सव्वाशे वर्षांच्या या रायफलीने कागदावरच्या काळ्या वर्तुळाचा मध्य शोधीत असतात.

या हौशी मंडळींतील खरे उपासक विकतचे काडतूस वापरीत नाहीत. ते स्वतःच्या हाताने काडतूस भरतात. एकदा उडालेली पितळी पुंगळी साफ करायची, पुन्हा मापात आणायची, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, काट्यावर तोलून दारू घालायची आणि तोंडाशी गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत रोवायची. हे तोलणे ‘ग्रेन’मध्ये चालते. आपल्या जुन्या सराफकट्ट्यावरील तोळा हा १८० ग्रेनांचा आणि तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे एक ग्रेन म्हणजे जेमतेम अर्धी गुंज. हा मनुष्य त्या ग्रेनाच्याही दहाव्या भागाची फिकीर करतो. सोने तोलणाऱ्या सोनारानेही हात टेकावेत, असा हा प्रकार! आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना काडतुसे बनविणे हा अपराध आहे आणि ते योग्यच आहे. मला त्या कृतीचे आकर्षण नाही. मला प्रश्न पडतो तो त्या कृतीमागच्या वृत्तीचा. इतकी पराकाष्ठेची अचूकता, आणि ती कशासाठी, तर कागदाला भोक पाडण्यासाठी! या अचूकपणाला नैतिक मोल आहे काय?

या रायफलीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. स्वीडनने १८१४ नंतर युद्ध केलेले नाही. दोन्ही महायुद्धांत तो तटस्थ राहिला. सबब ही रायफल निष्पाप आहे. हा युक्तिवाद मला मान्य करता येत नाही. १९३९-४० च्या हिवाळ्यात रशियाने फिनलंडवर आक्रमण केले, तेव्हा स्वीडनचे हजारो स्वयंसेवक आणि याच जातीच्या हजारो रायफली फिनलंडच्या मदतीला गेल्या. त्या काही कागदावर झाडण्यासाठी गेल्या नव्हत्या. त्याआधी, १४ मे १९३१ रोजी ओडालेन येथे, स्वीडनच्याच सैन्याने स्वीडनच्याच कामगारांच्या मोर्चावर गोळीबार केला आणि त्यात पाच माणसे मृत्युमुखी पडली. शांततेच्या देशातही शस्त्र सोवळे राहत नाही. आणि तो देशही आता, मार्च २०२४ पासून, ‘नाटो’ या लष्करी संघटनेत सामील झाला आहे. तात्पर्य, इतिहासाच्या दाखल्यावर शस्त्राला निर्दोषत्व मिळवून देता येणार नाही.

मग दुसरा युक्तिवाद येतो आणि तो अधिक मोहक आहे. अचूकपणा हा स्वतःच एक सद्गुण आहे. तो कशात आहे हे पाहण्याचे कारण नाही. घड्याळजीचा असो, वैयाकरणाचा असो वा नेमबाजाचा, अचूकपणा म्हणजे सत्याचीच उपासना. आम्हां कारकुनांना हे मत फारच गोड वाटते. बेरीज जुळली, जावक क्रमांक पडला, टिप्पणीतला नियम बरोबर ठरला की दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो. ती फाइल कोणाच्या सुखाची वा दुःखाची आहे, हे विचारणे आपल्या टेबलाच्या कक्षेबाहेरचे असते.

परंतु विसाव्या शतकाने या मतावर जो डाग पाडला आहे, तो सहजासहजी पुसला जाणारा नाही. नाझी राजवटीत लक्षावधी ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या आगगाड्या वेळापत्रकाप्रमाणे धावल्या. त्यासाठी याद्या झाल्या, पत्रव्यवहार झाला. ही वाहतूक जुळविणाऱ्या आइखमन या अधिकाऱ्यावर १९६१ साली जेरुसलेम येथे खटला चालला, तेव्हा आपण वरिष्ठांच्या आज्ञा पाळल्या, असाच त्याचा बचाव होता. त्याच्या कामात गचाळपणा नव्हता. गचाळपणा असता, तर कदाचित काही जीव वाचले असते! अचूकपणा हाच सद्गुण मानायचा, तर या मनुष्याला सद्गुणी म्हणण्याची पाळी येईल. म्हणजे हाही युक्तिवाद कोसळतो.

तर मग तो दूरदेशीचा नेमबाज आणि हा आइखमन, दोघांचा अचूकपणा एकच काय? माझे मन हे मानीत नाही आणि त्याला कारणही आहे. अचूकपणाच्या दोन जाती आहेत. एक दुसऱ्यांना मोजते; दुसरी स्वतःला मोजू देते.

त्या स्वीडिश रायफलीच्या दस्त्यावर एक पितळी चकती बसविलेली असे. तिच्या एका भागात नळीच्या आतल्या व्यासाचे माप, दुसऱ्या भागात गंज व झीज पाहून ठरविलेली नळीची प्रत, आणि तिसऱ्या भागात, पुढे १९४१ साली जी नवी टोकदार गोळी आली, तिचा मारा किती वर जाईल याची खूण. सैन्याने आपल्याच हत्याराचे वैगुण्य त्याच हत्यारावर, ज्याच्या हाती ते जाईल त्याला दिसेल अशा ठिकाणी नोंदवून ठेवले होते. गोपनीय अहवालात नव्हे! मला या सबंध हकीकतीत ही चकती सर्वांत थोर वाटते. हाताने काडतूस भरणारा मनुष्य तोच धर्म पुढे चालवितो. विकतचे काडतूस वापरणाऱ्याचा नेम चुकला, तर तो कारखान्याला दोष देऊ शकतो. याला ती सोय नाही. दारू त्याने तोलली, गोळी त्याने रोवली, चाप त्यानेच ओढला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत टिपायची आणि कागदावर पडलेला छिद्रांचा पुंजका जे सांगेल ते निमूटपणे ऐकायचे, हा त्याचा परिपाठ. कागद खुशामत करीत नाही. आइखमनच्या याद्यांत लक्षावधी नावे होती. जबाबदारीच्या रकान्यात मात्र त्याने स्वतःचे नाव कधी येऊ दिले नाही.

येथे कोणी म्हणेल, स्वतःशी इतका प्रामाणिक असलेला मनुष्यही उद्या तीच रायफल माणसावर रोखू शकेल. खरे आहे. म्हणून स्वतःला मोजू देणे हा सद्गुणाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. महाभारतातील ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. द्रोणांनी झाडावर कृत्रिम पक्षी ठेवला आणि काय दिसते असे विचारले. अर्जुनाला केवळ लक्ष्यच दिसले आणि तो उत्तीर्ण झाला. ही कथा आपण मुलांना एकाग्रतेचा धडा म्हणून सांगतो. परंतु तोच अर्जुन कुरुक्षेत्रावर उभा राहिला, तेव्हा त्याला लक्ष्यापलीकडचे सारे दिसले. आजा दिसला, गुरू दिसला, भाऊ दिसले, आणि धनुष्य हातातून गळाले. त्याला मिळालेल्या उत्तराचा अर्थ पंडित आजही लावीत आहेत. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात त्यावर ग्रंथ लिहिला. पण अर्जुनाने तो प्रश्न विचारायलाच नको होता, असे कोणीही म्हटलेले नाही. पक्ष्याच्या वेळी केवळ लक्ष्य पाहणे हे कौशल्य होते. रणांगणावर केवळ लक्ष्य पाहिले असते, तर गीता झालीच नसती.

मला वाटते, कागदाचे निशाण हे याच प्रश्नाचे एक नम्र उत्तर आहे. लक्ष्य कोणते, हे नेमबाजाने आधीच विचारपूर्वक ठरविलेले असते: ज्याला वेदना नाहीत, ज्याच्या मागे रडणारे कोणी नाही, असे. तेवढे ठरल्यावर मग अचूकपणाला मोकळे रान. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलीच्या तीन स्थितींतील स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. त्या निशाणाचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. ते तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते, म्हणजे आपल्याच बिरादरीतले. त्यांचे यश वाचून आनंद झाला तो केवळ मराठी म्हणून नव्हे. लक्ष्य निर्दोष असले की अचूकपणा किती निर्मळ दिसतो, हे त्यात दिसले म्हणूनही.

आपण घरापासून दूर, परक्या भाषेच्या प्रदेशात सरकारचे काम करणारी माणसे. ज्यांच्या अर्जांवर आपण शेरे मारतो, त्यांची भाषा पुष्कळदा आपल्याला येत नाही. त्यांचे चेहरे दिसत नाहीत. अशा ठिकाणी पहिल्या जातीचा अचूकपणा फार सोपा असतो. येथे आयुधपूजेला कचेऱ्यांतील यंत्रांना गंध-कुंकू लावतात आणि घरोघरी पुस्तके व हत्यारे एक दिवस पूजेत ठेवून विजयादशमीला पुन्हा हाती घेतात. आपल्याकडील खंडेनवमीचेच हे भावंड. या रूढीचा मला एक अर्थ लागतो: ज्या साधनाने आपण वर्षभर काम करतो, ते एक दिवस खाली ठेवून त्याच्याकडे पाहावे. तलवार, बंदूक, संगणक वा लेखणी, यांत त्या दिवशी भेद नाही. कारण इजा करण्याची शक्ती सर्वांतच आहे आणि लेखणीने केलेली इजा तर रक्त काढीत नसल्याने लवकर लक्षातही येत नाही.

म्हणून फाइल नियमात बसली, एवढ्याने आपले काम संपत नाही. हा शेरा कोणावर जाऊन पडणार आहे, हे सही करण्यापूर्वी विचारले पाहिजे. आणि तो चुकीचा पडला, तर त्याच्याखाली आपले नाव वाचता येईल इतक्या स्पष्ट अक्षरांत असले पाहिजे.