न झाडलेली गोळी

भात पोटरीला आले की पाटण तालुक्यातल्या डोंगरकुशीच्या वाड्यांवर रात्रीची राखण सुरू होते. बांधाला माळा, हातात बॅटरी, बडवायला पत्र्याचा डबा. कोयनेचे खोरे असो की मोरणेचे, वर रान आणि खाली खाचरे, मध्ये आडोसा म्हणून काही नाही. डुकरांचा कळप शिरला तर एका रात्रीत उभे पीक आडवे होते, भुईमुगाचे वावर नांगरल्यासारखे उकरले जाते. हंगामाचे कष्ट असे मातीत गेलेल्या माणसाला वन्यजीवांचे महत्त्व सांगायला जीभ रेटत नाही. तो विचारतो त्या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर मिळायला हवे : हे जनावर मारायला कायद्याची मुभा आहे का?

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शिकारीला मनाई करतो आणि अकराव्या कलमात मोजके अपवाद ठेवतो. रानडुक्कर आधी तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आले. ते उभ्या पिकाला धोकादायक झाले आहे अशी खात्री पटल्यास अधिकृत वनाधिकारी कारणे नोंदवून लेखी आदेश देऊ शकतो. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि नीलगाय यांच्या बाबतीत ही वाट सोपी केली. गवा आणि पिसोरी मात्र पहिल्या अनुसूचीत आहेत. गव्याने ऊस तुडवला, एवढ्या कारणावरून त्याला मारता येत नाही. परवानगी घेऊन मारलेले डुक्करही सरकारच्या मालकीचे ठरते. पिकाची राखण आणि मटणासाठी केलेली पारध यांच्यात कायद्याने आखलेली रेघ ती हीच.

कागदावर हे स्पष्ट आहे. पण कागद दिवसा वाचला जातो आणि डुक्कर रात्री येते.

अलास्कात रानमेंढ्याच्या शिकारीचा नियम मला इथे आठवतो. तिथल्या बहुतेक भागांत डॉल जातीचा नर मारायचा तर त्याच्या एका तरी शिंगाचे टोक पूर्ण वेढा घेऊन ३६० अंशांत फिरलेले असावे लागते, किंवा दोन्ही शिंगांची टोके तुटलेली असावी लागतात, किंवा शिंगांवरच्या वार्षिक वळ्या मोजून त्याचे वय निदान आठ वर्षे भरावे लागते. ही पारख गोळी सुटण्याआधी, दुर्बिणीतून, समोरच्या कड्यावरच्या जिवंत जनावरावर करायची. चुकले तर मेंढा जप्त होतो आणि गुन्हा शिकाऱ्याच्या नावावर लागतो. आपल्याकडे लडाखमधले अर्गाली आणि उरियल हे रानमेंढे पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तो प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय तिथला शिकारी हौसेने डोंगर चढतो, आपला शेतकरी पोटासाठी जागतो. तरीही त्या नियमामागचे तत्त्व पाटणच्या माळ्यावर जसेच्या तसे लागू पडते : ओळख पटली नसेल तर मुभाही नाही.

आणि ओळख सोपी नसते. उकरलेली माती डुकराची, भला थोरला खूर गव्याचा, हे जाणता राखणदार सकाळी सहज सांगतो. पण माग काल कोण आले होते ते सांगतो. आत्ता पिकात कोण हलते आहे ते सांगत नाही. बॅटरीच्या झोतात पाठ वाकवून उभे असलेले भेकर क्षणभर डुकरासारखे दिसू शकते. कधी डुकरिणीच्या मागे पट्ट्यांची पिल्ले असतात. आणि कधी पिकात हलणारा शेजारचा राखणदारच असतो.

म्हणून तारेचा फास, कुंपणात सोडलेला वीजप्रवाह आणि गावठी बॉम्ब यांना माझा विरोध आहे. बंदुकीमागे निदान एक डोळा असतो आणि तो थांबू शकतो. फासाला डोळा नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकतो, भेकर अडकते. विजेच्या तारेला पहाटे बांधावर आलेला माणूसही चिकटतो. जे साधन ओळखू शकत नाही, त्याला परवानगी देण्याचा अधिकार कोणालाच असू नये.

पण पारखीचा सगळा भार शेतकऱ्यावर टाकून आपण मोकळे होतो, हा त्याच्यावरचा अन्याय आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोलीचे उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. डुक्कर, भेकर, सांबर हे तिथल्या बिबट्याचे, रानकुत्र्यांचे आणि वाघाचे अन्न. ते टिकावे ही इच्छा साऱ्या राज्याची, आणि त्याचा चारा मात्र रानालगतच्या चार गुंठ्यांतून जातो. पंचनामा लांबला, भरपाई तोकडी पडली की त्या रात्री माळ्यावरचा संयम महाग होतो. मग तार येते, आणि ती गुपचूप येते.

परवानगी झटपट मिळावी, ही मागणी रास्त आहे. पण तेवढी पुरी पडणार नाही. परवाना खिशात असताना, समोर सावली हलत असताना, खात्री पटली नाही म्हणून ज्याने घोडा ओढला नाही आणि सकाळी आडवे झालेले भात पाहिले, त्याने कायदा शब्दशः पाळला. त्याच्या वाफ्यातला पंचनामा सर्वांत आधी व्हायला हवा. त्याने न झाडलेल्या गोळीची किंमत तो एकटा भरत राहिला, तर पुढच्या हंगामात त्याने थांबावे, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे?