आधी तिचा व्हिसा वाच

आईने सांगितलं म्हणून तू रेयुनियन बेटावरून मला फोन केलास, पण ऐकून घेण्याची तुझी तयारी नव्हती. मी एक वाक्य बोलले की तू विमान कंपनीच्या नावाने बोटं मोडत होतास. म्हणून लिहून पाठवते आहे. शेवटपर्यंत वाच, आणि वाचून झाल्याशिवाय उत्तर देऊ नकोस.

पॅरिसच्या विमानतळावर ज्या मुलीने तुझ्या बायकोला काउंटरवर अडवलं, तिचं काहीही चुकलं नाही. तिने पासपोर्ट उघडला. हा व्हिसा कुठल्या प्रदेशासाठी आहे, ते स्टिकरवर अगदी वर छापलेलं असतं. तिथे फक्त शेंगेन राष्ट्रांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, उल्लेख होता, रेयुनियनचा नव्हता. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर कंपनीला दंड भरावा लागतो, म्हणून तिने थांबवलं. ती ओळ कितीतरी दिवस तुझ्या घरातल्या कपाटात होती. तू ती एकदाही वाचली नाहीस.

एवढंच झालं असतं तर मी दोन शब्द सुनावून सोडून दिलं असतं. पण तू विमानात बसलास. हॉटेलचे पैसे परत मिळणार नव्हते, मित्र तिकडे वाट पाहत होते, हे तू मला कारण म्हणून सांगितलंस. लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. ती फ्रान्सला पहिल्यांदाच आली आहे, तिला तिथली भाषा येत नाही, आणि ती बॅग ओढत एकटी तुझ्या खोलीवर परतली. हे तिने कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. ती गप्प राहिली म्हणजे तिने तुला माफ केलं, असं धरून चालू नकोस.

‘बाई, बेट फ्रान्सचंच आहे ना?’ असं तू मला तीनदा विचारलंस. आहेच. १९४६ पासून ते बेट म्हणजे फ्रान्सचा इतर जिल्ह्यांसारखाच एक जिल्हा आहे. तिथे युरो चालतो, तिथले लोक फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देतात. आणि तरीही ते शेंगेनमध्ये नाही. १९ जून १९९० रोजी शेंगेन कराराच्या अंमलबजावणीच्या करारनाम्यावर सह्या झाल्या, त्याच्या १३८व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की फ्रान्सपुरता हा करार त्याच्या युरोपातल्या भूभागालाच लागू राहील. म्हणजे रेयुनियन, मायोत, ग्वादलूप, मार्तिनिक, दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गयाना, सगळी बाहेर. कारणही उघड आहे. गयानाची हद्द ब्राझील आणि सुरिनामला भिडलेली आहे, मायोत कोमोरोसच्या शेजारी आहे. तिथे आत आलेल्या माणसाला थेट पॅरिस किंवा बर्लिनपर्यंत मोकळी वाट द्यायची नाही, असं युरोपने ठरवलं आणि दाराला दार लावलं. ते न्याय्य आहे की नाही यावर तू माझ्याशी हवं तेवढं भांड. पण नियम लपवून ठेवलेला नाही.

सातवीत मी तुम्हाला नकाशापुस्तक उघडायला लावायचे. महासागरातल्या ठिपक्यांपुढे कंसात देशाचं नाव असतं, ते मोठ्याने वाचायला लावायचे. तू ते सगळ्यांत स्पष्ट वाचायचास. त्या कंसातून तिथे झेंडा कुणाचा हे कळतं. आत कोण येऊ शकतं हे कळत नाही. आणि हे तुला कळायला नको? तुझ्या हातात पोर्तुगालचा पासपोर्ट आला तो कशामुळे? तुझे वडील १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले, आणि त्या गोव्याला लिस्बनने १९५१ मध्ये घटना बदलून आपला सागरापलीकडचा प्रांत ठरवलं होतं, म्हणून. त्यांचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवला गेला आणि त्या नोंदीवर तुझं नागरिकत्व उभं राहिलं. युरोपातला एखादा देश समुद्रापलीकडची जमीन आपली म्हणतो तेव्हा तिथल्या माणसांना कोणते हक्क देतो आणि कोणते राखून ठेवतो, हे गोव्याच्या मुलाने जगाला शिकवायला हवं होतं. तू तर स्वतःच्या घरातल्या माणसासाठीही ते तपासून पाहिलं नाहीस.

तुला कागद वाचता येत नाहीत असं मुळीच नाही. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या वेळी वडिलांच्या दाखल्यातलं एक अक्षर आईच्या कागदाशी जुळत नव्हतं, तेव्हा तू पणजीच्या कचेरीत खेटे घातलेस. भारताचं नागरिकत्व गेल्यावर ओसीआय कार्डासाठी कुठला कागद कुठल्या क्रमाने लावायचा, हे तू गावातल्या चार जणांना समजावून सांगत होतास. स्वतःचे कागद तू डोळ्यांत तेल घालून तपासलेस. तिचा व्हिसा मात्र तिचं तिने बघावं, असं तुला वाटलं. मी चिडले आहे ती यावर.

ज्याच्या खिशात तुझ्यासारखा पासपोर्ट असतो त्याला कुठल्या दारावर पाटी आहे हे दिसतच नाही, कारण त्याला कधी थांबावं लागत नाही. थांबावं लागतं ते जोडीदाराला. म्हणून वाचण्याची पहिली जबाबदारी तुझी होती. ती फोंड्याहून निघाली तेव्हा तुझ्यावर विसंबून निघाली. तिकिटं तू काढलीस, बेट तू निवडलंस, मित्र तुझे. आणि काउंटरवर सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली ती तिला.

आता जे सांगते ते तुला आणखी लागेल. तिला अडवलं जाण्याचं काही कारणच नव्हतं, तू वेळेवर कायदा उघडला असतास तर. तू पोर्तुगालचा नागरिक, राहतोस आणि काम करतोस फ्रान्समध्ये. युरोपीय संघाच्या नागरिकाने दुसऱ्या सदस्य देशात राहण्याचा हक्क वापरला की त्याच्या बायकोलाही २००४ च्या ३८ क्रमांकाच्या निर्देशाने हक्क मिळतात. तिला लागणारा व्हिसा विनाशुल्क द्यायचा, आणि शक्य तितक्या लवकर द्यायचा, असं त्यात लिहिलं आहे. तो नाकारायचा तर सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा, आरोग्य किंवा कायद्याची फसवणूक अशी ठोस कारणं लागतात. तुम्ही काय केलंत? तिला साध्या पर्यटकासारखा अर्ज भरायला लावलात आणि नव्वद युरो भरलेत. तू तिचा नवरा आहेस ही गोष्ट त्या अर्जात कुठे ठळकपणे आलीच नाही.

आणि हा निर्देश रेयुनियनलाही लागू आहे. शेंगेन तिथे नाही, पण युरोपीय संघाचा कायदा तिथे आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे नीट लक्षात ठेव. रेयुनियन, मायोत, ग्वादलूप, मार्तिनिक, गयाना हे संघाचे दूरस्थ प्रदेश आहेत. न्यू कॅलेडोनिया आणि ताहिती तसे नाहीत, तिथे फ्रेंच झेंडा असला तरी हा निर्देश नाही. सेंट बार्थेलेमी २०१२ पासून त्या यादीतून बाहेर पडलं. मायोत २०१४ मध्ये आत आलं. पोर्तुगालची अझोर्स आणि मदेरा ही बेटं मात्र शेंगेनमध्येच आहेत. आज तुझ्या बायकोकडे असलेल्या व्हिसावर ती मदेराला निर्धास्त गेली असती. बेट बेटासारखं दिसतं म्हणून नियमही सारखा असेल असं नसतं. दरवेळी वेगळं पाहावं लागतं.

‘सीमेवर आमचं ऐकून घ्यायला हवं होतं’, असंही तू म्हणालास. कुठेतरी अर्धवट ऐकलेलं दिसतं. व्हिसा हाताशी नसलेल्या जोडीदाराला परत पाठवण्याआधी नातं सिद्ध करण्याची वाजवी संधी द्यायची, असं त्या निर्देशाच्या पाचव्या कलमात आहे. पण ती संधी सीमेवरच्या अधिकाऱ्याने द्यायची असते. विमान कंपनीचं काउंटर म्हणजे सीमा नव्हे. शिवाय तुझ्याजवळ तेव्हा लग्नाचा दाखला तरी होता का? मी विचारलं तेव्हा तू गप्प बसलास.

दुसरा सापळा तर तुझ्या डोक्यातही आलेला नाही. समजा तिला कुणी विमानात चढू दिलं असतं. पॅरिसहून रेयुनियनला जाणं म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणं. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तो तिथेच संपला. पॅरिसला परतताना ती पुन्हा अडकली असती, तीही नऊ हजार किलोमीटर पलीकडच्या बेटावर.

हे मी तुझ्या वर्गातल्या बाकीच्यांनाही पाठवणार आहे, कारण तुम्ही सगळेच जोडीदारांना घेऊन जगभर हिंडता. कोपनहेगनला आहे तिने ऐकावं: डेन्मार्कचा शेंगेन व्हिसा फेरो बेटांवर किंवा ग्रीनलंडला चालत नाही, त्यावर तसं वेगळं नमूद केलेलं असावं लागतं. नॉर्वेच्या स्वालबार्डला जायला व्हिसाच लागत नाही, पण वाट नॉर्वेतून आहे, तेव्हा परतीसाठी दुसरा प्रवेश हाताशी हवा. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या मंडळींनी फक्त ब्रिटनच्या व्हिसावर विसंबून त्याच्या सागरापलीकडच्या प्रदेशांचे बेत आखू नयेत, प्रत्येक प्रदेशाचा प्रवेशाचा कायदा त्याचा स्वतःचा आहे. सिंट मार्टेनला जाणाऱ्यांनी विमान कुठे उतरतं ते बघावं. बेट एकच, उत्तर बाजू फ्रान्सची, दक्षिण नेदरलँड्सची, मध्ये चौकी नाही, पण मोठा विमानतळ डच बाजूला आहे, म्हणजे आधी डच बाजूचे नियम.

न्यू जर्सीत आहे त्याला वेगळं सांगते, कारण त्याच्या बायकोच्या ग्रीन कार्डाचा अर्ज अजून लटकलेला आहे. प्वेर्तो रिको, अमेरिकन व्हर्जिन बेटं आणि ग्वाम हे इमिग्रेशनच्या कायद्यापुरते अमेरिकेतच मोडतात. अमेरिकन सामोआ मोडत नाही. तिथे झेंडा अमेरिकेचा आहे, पण प्रवेशाचा कायदा त्या प्रदेशाचा स्वतःचा आहे आणि तिथे जाणं म्हणजे अमेरिका सोडणं. आगाऊ परवानगी न घेता अर्जदार गेली तर सर्वसाधारणपणे तो अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. आणि ग्वामला जायचं असेल तर होनोलुलूहून थेट विमान घ्यावं. स्वस्त पडतं म्हणून टोकियोवरून गेलात की देश सोडलात.

पुन्हा तुझ्याकडे येते. तू म्हणालास की सुट्टी वाया गेली. मग शेजारी बघ. तुझ्या त्या बेटाच्या वायव्येला मायोत आहे. कोमोरोसची बाकीची तीन बेटं १९७५ मध्ये स्वतंत्र झाली, मायोत फ्रान्सकडे राहिलं. जानेवारी १९९५ मध्ये फ्रान्सने कोमोरोसच्या लोकांना मायोतला येण्यासाठी व्हिसा लावला. कोमोरोसचं अंजुआन बेट मायोतपासून सत्तर किलोमीटरवर. तोवर लोक लग्नाला, मयताला, बाजाराला ये-जा करत होते. नवरा इकडे, बायको तिकडे अशी घरं त्या एका नियमाने तुटली. मग लोक रात्री लहान होड्यांतून निघू लागले आणि त्यांतले कितीतरी बुडाले. मायोतमध्ये ज्यांना निवास परवाना मिळाला, त्यांचा परवानाही वर्षानुवर्षं मायोतपुरताच राहिला. रेयुनियनला किंवा पॅरिसला जायचं तर पुन्हा वेगळी परवानगी. त्या माणसांनी नियम वाचला होता, पाठ केला होता, आणि तरी त्यांना वाट नव्हती. तुझ्यापुढे वाट होती, मोफत होती, कायद्याने आखून दिलेली होती. माझ्यापुढे सुट्टीचं रडगाणं गाऊ नकोस.

आता काय करायचं ते ऐक. गोव्यातल्या विवाह नोंदणीचा दाखला काढ आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील घे. तुझ्या आईला सांगितलंस तर ती पणजीला जाऊन येईल, पण कुठला अर्ज आणि कुठली प्रत हे तू तिला नीट लिहून दे. दाखल्याचं फ्रेंच भाषांतर मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडूनच करून घे. तुझ्या नोकरीचा करार आणि घराचा पुरावा काढून ठेव. मग प्रीफेक्चरमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी कचेरीत, तिच्यासाठी संघाच्या नागरिकाच्या कुटुंबीयाचं निवास कार्ड माग. ते मागण्यासाठी ती आल्यापासून तीन महिने असतात, त्यातले किती उरले हे आजच मोज. अर्ज दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत कार्ड द्यायचं असं निर्देशात आहे, आणि ते साधारण पाच वर्षांचं असतं. युरोपातल्या फ्रान्सचं निवास कार्ड हातात आलं की रेयुनियनसाठी तिला वेगळा व्हिसा लागत नाही.

अर्ज फ्रेंचमध्ये असेल. तिला समोर बसवून ओळ न् ओळ वाचून दाखव, तिला काय लिहिलं आहे ते कळू दे, आणि मगच तिची सही घे. पण हे सगळं नंतर. आधी त्या हॉटेलचे उरलेले दिवस सोडून दे, पहिलं मिळेल ते विमान पकड, पॅरिसला जा आणि तिची माफी माग.