आधी वेदना, मग ओळख

रुग्णालयाच्या खिडकीशी केसपेपर लिहिताना कारकून नाव विचारतो, वय विचारतो आणि लिंगाच्या रकान्याशी थबकतो. समोर तृतीयपंथी व्यक्ती असली की मागची रांग माना उंचावून पाहू लागते. पुढे आणखी पेच पडतो: खाट पुरुषांच्या वॉर्डात द्यावी की स्त्रियांच्या? तोवर अंगातला ताप तसाच राहतो.

कायदा याविषयी मुका राहिलेला नाही. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात आपले लिंग आपण ठरविण्याचा हक्क मान्य केला आणि रुग्णालयांत उपचारांची सोय करण्यास सरकारांस बजावले. 2019 च्या कायद्याने आरोग्यसेवेतील भेदभाव निषिद्ध ठरविला. मग उणीव कोठे राहिली?

आमच्या मते, कुतूहल आणि शुश्रूषा यांतील भेद आपण ओळखीत नाही. खोकला घेऊन आलेल्या माणसास शरीराच्या रचनेविषयी छेडणे ही चिकित्सा नव्हे. उपचारास लागेल तेवढेच, आणि तेही एकांतात विचारावे. 'सर्वांस एकच नियम' हे तत्त्व थोर खरे. परंतु दोनच रकान्यांचा नियम तिसऱ्यास दाराबाहेर ठेवीत असेल, तर त्यास न्याय म्हणावे काय?

परप्रांतात बदलून आलो तेव्हा आमचीही नावे कागदोपत्री चुकीची लिहिली गेली. आम्ही हसून सोडून दिले, कारण त्यापायी आमचे औषध अडले नव्हते. रकाने आखणारे हात आपल्यांतलेच आहेत. त्या हातांनी आधी 'कोठे दुखते?' हे लिहून घ्यावे, 'आपण कोण?' हे मागाहूनही विचारता येईल.