नाबोथाचा मळा कोण परत करील?

शास्त्रपाठ : १ राजे २१:१-२९, लूक १९:१-१०



नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण सर्वांनी संडे स्कूलमध्ये ऐकली आहे. राजवाड्याला लागून एका साध्या माणसाचा मळा होता. राजाला तेथे भाजीपाला लावायचा होता. वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे नाबोथ म्हणाला, तेव्हा राजा अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून निजला. पुढे ईजबेल राणीने काय केले, ते मात्र आपण घाईने वाचून पुढे जातो. तिने शिपाई पाठवून मळा लुटला नाही. तिने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहोर केली, उपासाचा दिवस ठरवविला, दोन साक्षीदार उभे केले, आणि नगरच्या वडीलधाऱ्यांनी निकाल दिला. सारे कसे नियमानुसार झाले! कागद होता, मोहोर होती, साक्ष होती, धर्माचा विधीदेखील होता. नव्हता तो फक्त न्याय.

हा अध्याय एका देशाच्या अलीकडच्या इतिहासात मोठ्या अक्षरांनी पुन्हा लिहिला गेला. तो देश म्हणजे पूर्व युरोपातील रुमानिया. पाळक रिचर्ड वुर्मब्रांड यांच्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांना त्या देशाचे नाव ठाऊक आहे. ख्रिस्ताच्या नावासाठी त्यांनी तेथील तुरुंगांत सुमारे १४ वर्षे काढली. पण आज मी तुम्हांला तुरुंगात नव्हे, तर तिमिशोआरा नावाच्या एका शहरात नेणार आहे. तेथे एका पाळकाने आपली जागा सोडली नाही, आणि त्याच शहरात एका धर्माध्यक्षाने घेतलेली जागा परत केली. ह्या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज नाबोथाचा अध्याय पुरा होत नाही.

पहिली गोष्ट : जागा न सोडणारा पाळक

तिमिशोआरा हे रुमानियाच्या पश्चिम सीमेजवळचे शहर. तेथे रुमानियन लोकांबरोबर हंगेरियन, जर्मन आणि सर्ब लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. ह्या शहरात हंगेरियन भाषेत उपासना करणारी एक लहान रिफॉर्म्ड मंडळी होती. रस्त्यावरची भाषा एक आणि प्रार्थनेची भाषा दुसरी, ही स्थिती बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या मंडळ्यांना नवी नाही. मातृभाषेत गायिलेले एक भजन परमुलखात किती आधार देते, हे आपण अनुभवाने जाणतो.

ह्या मंडळीचे तरुण पाळक होते लास्लो तोकेश. त्या वेळी निकोलाय चाउशेस्कू याची सत्ता होती. देशातील सुमारे १३,००० खेड्यांपैकी जवळजवळ निम्मी पाडून लोकांना ठरावीक इमारतींत हलविण्याची त्याची योजना होती. तोकेश त्या योजनेविरुद्ध उघडपणे बोलले. तेथे बोलण्यावर बंदी होती काय? कागदावर नव्हती! १९६५ च्या संविधानात भाषणाचे, छपाईचे, सभेचे स्वातंत्र्य एका कलमाने दिले होते आणि पुढच्याच कलमाने, समाजवादी व्यवस्थेविरुद्ध ते वापरता येणार नाही, असे म्हणून काढूनही घेतले होते. १९८३ च्या एका हुकुमाने तर घरातील टाइपरायटरची नोंद पोलिसांकडे करणे सक्तीचे केले होते. प्रत्येक यंत्राच्या अक्षरांचा नमुना पोलिसांपाशी असे. कोणते पत्र कोणाच्या घरातून निघाले, ते ओळखता यावे म्हणून.

तोकेश यांना तुरुंगात टाकले गेले नाही. ईजबेलीप्रमाणे पत्र लिहिले गेले. त्यांच्याच मंडळ्यांच्या बिशपने त्यांची बदली मिनेउ नावाच्या दूरच्या खेड्यात केली. त्यांनी नकार दिला, तेव्हा बिशप कोर्टात गेले आणि पाळकाला घराबाहेर काढण्याचा हुकूम मिळाला. त्यांचे रेशनपुस्तक काढून घेण्यात आले. मंडळीचे लोक पाळत चुकवून भाकरी आणि सरपण आणून देत. बंधूंनो, नगरच्या वडीलधाऱ्यांनी ईजबेलीचे पत्र वाचले, तेव्हा त्यांच्यापैकी एकानेही विचारले नाही की, नाबोथाने खरोखर काय केले? अन्यायी राजाला नेहमीच धार्मिक सही लागते, आणि दुःखाची गोष्ट ही की, ती त्याला मिळते.

रविवार, १० डिसेंबर १९८९ रोजी तोकेश यांनी उपासनेत सांगितले की, येत्या शुक्रवारी मला बाहेर काढतील. तुम्ही शांतपणे येऊन साक्षी व्हा. शुक्रवारी, १५ तारखेला, लोक आले. प्रथम मंडळीचेच होते. हातात हात घालून ते दाराशी उभे राहिले. मग शेजारचे आले. ऑर्थोडॉक्स आले, बाप्टिस्ट आले, ट्राममधून उतरलेले वाटसरूही थांबले. हंगेरियन पाळकासाठी रुमानियन लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी गर्दी एवढी वाढली की, ती पाळकाच्या दारात मावेना. १७ तारखेच्या पहाटेपूर्वी गुप्त पोलीस दार फोडून आत शिरले आणि तोकेश व त्यांच्या गरोदर पत्नीला घेऊन गेले. पण आता एका पाळकाचा प्रश्न राहिलाच नव्हता. त्याच दिवशी सैन्याने गोळ्या झाडल्या. चाळीसहून अधिक मृतदेह रुग्णालयातून गुपचूप राजधानीस नेऊन जाळण्यात आले, त्यांची राख गटारात टाकण्यात आली. आईला पुरायला मूलदेखील उरू नये, इतका त्या सत्तेला मेलेल्यांचाही धाक होता.

तरीही भय मोडले. तिमिशोआराच्या चौकात हजारो लोकांनी देव आहे अशी आरोळी मारली, गुडघे टेकले आणि प्रभूची प्रार्थना म्हटली. २२ डिसेंबर रोजी चाउशेस्कू हेलिकॉप्टरमधून पळाला.

मधली गोष्ट : घाईचा न्याय

येथे गोष्ट संपली असती, तर ती विजयाची गोष्ट झाली असती. पण पवित्र शास्त्र आपल्याला इतक्या लवकर टाळ्या वाजवू देत नाही.

२५ डिसेंबर १९८९, म्हणजे नाताळच्याच दिवशी, तर्गोविश्ते येथील लष्करी छावणीत चाउशेस्कू आणि त्याच्या पत्नीवर खटला चालला. तो सुमारे तासाभरात आटोपला. साठ हजार लोक मारल्याचा आरोप ठेवला होता; तो आकडा खरा नव्हता. खऱ्या मृतांची संख्या एक हजाराहून थोडी अधिक होती, आणि त्यांतील बहुतेक तर हुकूमशहा पळून गेल्यानंतरच्या गोंधळात मेले. बचावाचे वकील स्वतःच आरोपीविरुद्ध बोलले. लगेच दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या माणसाचे अपराध मोठे होते, हे कोणी नाकारीत नाही. पण ज्याने नाबोथावर खोटा खटला चालविला, त्याच्यावरही घाईचा खटला चालवून न्याय जन्मत नाही. पुढच्या काही दिवसांतच नव्या सरकारने मृत्युदंड रद्द केला.

शेजाऱ्यांनी धरलेले हातही लवकरच सुटले. मार्च १९९० मध्ये तर्गू मुरेश शहरात रुमानियन आणि हंगेरियन लोक लाठ्याकाठ्या घेऊन एकमेकांवर धावले, माणसे मेली. त्याच महिन्यात तिमिशोआराच्या नागरिकांनी एक जाहीरनामा काढला आणि जुन्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी व गुप्त पोलिसांच्या अधिकाऱ्यांनी काही काळ निवडणुकीला उभे राहू नये, अशी मागणी केली. ती मानली गेली नाही. जूनमध्ये खाणकामगारांना राजधानीत आणून विरोधकांना मारहाण करण्यात आली. डिसेंबर १९९१ मध्ये जनतेने मतदान करून नवे संविधान स्वीकारले. परंतु आपल्याविषयी गुप्त पोलिसांनी काय लिहून ठेवले, ते पाहण्याचा हक्क नागरिकाला कायद्याने मिळण्यास १९९९ साल उजाडले. हुकूमशहा एका दिवसात पळतो, पण खोटेपणा इतक्या सहज जात नाही. तो कपाटात फायलींच्या रूपाने राहतो आणि माणसांच्या मनात राहतो.

तिसरी गोष्ट : मळा परत करणारा

आता १९४८ सालाकडे मागे चला. त्या साली रुमानियात ग्रीक कॅथलिक मंडळी सरकारने बंद केली. तिचे सुमारे १५ लाख लोक होते. ऑक्टोबरमध्ये क्लुज येथे चाळीसही नसलेल्या याजकांना एकत्र करून, आम्हांला ऑर्थोडॉक्स मंडळीत जायचे आहे, अशा कागदावर त्यांच्या सह्या घेतल्या. हेच ते दोन साक्षीदार! डिसेंबरमध्ये हुकूम निघाला. बिशपांना अटक झाली; एकानेही श्रद्धा सोडली नाही, आणि त्यांपैकी कित्येक कैदेतच मेले. त्यांची देवळे ऑर्थोडॉक्स मंडळीला देण्यात आली. ऑर्थोडॉक्स याजकही त्या काळात तुरुंगांत सडले, हे विसरता कामा नये. पण त्याच मंडळीच्या हाती शेजाऱ्याचा मळा आला, आणि तो तिने ठेवून घेतला.

१९८९ च्या अखेरीस तो हुकूम रद्द झाला. मग देवळे परत मिळाली काय? १९९० चा कायदा म्हणाला की, त्या त्या ठिकाणच्या भाविकांची इच्छा पाहून दोन्ही मंडळ्यांच्या लोकांनी मिळून ठरवावे. चाळीस वर्षे ज्यांच्या हाती देऊळ होते, तेच आता तेथे बहुसंख्य होते! अहाबाच्या माळ्यांना मत विचारावे की, हा मळा कोणाचा, तसे हे झाले. लुपेनी येथील एका मंडळीने २००१ साली कोर्टात दावा लावला, तो दहा वर्षे चालला आणि फेटाळला गेला. २०१६ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने दिरंगाई आणि उलटसुलट निकाल यांबद्दल रुमानियाला दोष दिला. परंतु त्या निकालाने देऊळ हाती आले नाही.

पण तिमिशोआरामध्ये एक माणूस होता. निकोलाय कोर्नेआनू, बानात प्रांताचे ऑर्थोडॉक्स महाधर्माध्यक्ष. १९६२ पासून ते त्या पदावर होते. कोणत्याही कोर्टाने भाग न पाडता त्यांनी आपल्या प्रांतातील देवळे ग्रीक कॅथलिक मंडळीला परत केली. लुगोज येथील मोठे कथीड्रलही दिले. १९९७ साली त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर कबुली दिली की, मी गुप्त पोलिसांना साहाय्य केले आणि त्यांच्या दबावाला बळी पडून सरकारविरुद्ध बोलणाऱ्या याजकांना पदावरून काढले. त्यांच्यासारख्या पदावरील माणसाने असे बोलणे, ही त्या देशात नवी गोष्ट होती. फायली उघडण्याचा कायदा अजून झालाच नव्हता. त्यांना कोणी पकडले नव्हते. ते आपणहून झाडावरून खाली उतरले.

होय, येथे जक्कयाची आठवण होते. प्रभू त्याच्या घरी गेला, तेव्हा जक्कय नुसता रडला नाही. तो उभा राहिला आणि हिशेब बोलला : अर्धे द्रव्य गरिबांना, आणि अन्यायाने घेतले असेल ते चौपट परत. मगच प्रभूने त्या घराला तारण लाभल्याचे सांगितले.

आता १ राजे २१ चा शेवट पुन्हा पाहा. एलीयाचे शब्द ऐकून अहाबाने वस्त्रे फाडली, गोणपाट नेसला, उपास केला. देवानेही त्याच्या नम्रतेची दखल घेतली. पण मळा परत दिल्याचे कोठे लिहिले आहे काय? एक ओळही नाही. नाबोथाच्या घरच्यांच्या हाती काही आले नाही. आणि २ राजे ९ मध्ये अहाबाचा मुलगा योराम मारला जातो, तो त्याच शेतात टाकला जातो. बापाने न परत केलेला मळा मुलाच्या वाटेत आडवा आला. अहाबाचा पश्चात्ताप आणि जक्कयाचा पश्चात्ताप यांत अश्रूंचा फरक नाही; फरक परतफेडीचा आहे.

कोर्नेआनू यांना संत ठरविण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्या याजकांची पदे गेली, त्यांची वर्षे काही परत आली नाहीत. २००८ साली ते ग्रीक कॅथलिक उपासनेत सहभागितेला गेले, तेव्हा त्यांच्याच मंडळीत वादळ उठले आणि त्यांना क्षमा मागावी लागली. तोकेश यांचेही तसेच : पुढे ते बिशप झाले, राजकारणात गेले, आणि त्यांच्याविषयी दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. देव अशाच अपुऱ्या माणसांकडून काम करवून घेतो.

प्रियहो, धैर्याने स्वातंत्र्य मिळते. परंतु न्याय मिळतो तो कबुलीने आणि परतफेडीने. पहिले काम चौकात हजारोंच्या सोबतीने करता येते. दुसरे काम एकट्याला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या वहीपुढे बसून करावे लागते. म्हणूनच ते अवघड आहे.

आपण कोणी राजे नाही. पण मंडळीचा ठराव, ट्रस्टचा कागद, भावाच्या वाटणीचा सातबारा, पंचांपुढे दिलेली एक साक्ष, ह्या गोष्टी आपल्याही हातांतून जातात. सही करण्यापूर्वी नगरच्या त्या वडीलधाऱ्यांची आठवण करू या. आणि सही होऊन वर्षे लोटली असतील, ज्याचे होते तो कदाचित उपासनेत आपल्या मागच्याच बाकावर बसत असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या दारी जाऊ या. नुसते डोळे पुसून परत येऊ नये. जे त्याचे, ते घेऊन जावे.

प्रभू आजही वाटेने जात आहे, आणि तो वर पाहून नावाने हाक मारतो. खाली उतरण्याची कृपा तो आपणां सर्वांस देवो. आमेन.