‘नाहीं’ आणि ‘ठाऊक नाहीं’

पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या कांठीं, मांजरी नांवाचीं दोन गांवें आहेत. एक बुद्रुक, दुसरें खुर्द. त्यांपैकीं बुद्रुक २०२१ सालीं पुण्याच्या महापालिकेंत समाविष्ट झालें. पत्त्यावर नुसतें ‘मांजरी’ लिहिलें, तर वाचणाऱ्यास ‘कोणती?’ असें विचारावेंच लागतें. नांवाचा स्वभावच असा संदिग्ध. म्हणून व्यवहारानें त्यास आंकड्याची जोड दिली. शेतास गट क्रमांक मिळाला, आणि त्या क्रमांकाच्या सात-बाऱ्यावर धारकाचें नांव चढलें. ‘अमक्याची नोंद आहे काय?’ या प्रश्नाचें उत्तर देणाऱ्याच्या हातीं त्यामुळें दुसऱ्याचें पुष्कळ कांहीं असतें. अशा माणसाचा धर्म कोणता, एवढाच प्रस्तुत प्रश्न आहे.

हाच प्रश्न आज संगणकाच्या पोटांतहि उभा आहे. युनिक्स घराण्यांतील संगणकाचा गाभा माणसास नांवानें ओळखीत नाहीं. प्रत्येक फाइलीशीं मालकाचा व गटाचा आंकडा तेवढा जोडलेला असतो. नांवावरून आंकडा आणि आंकड्यावरून नांव काढून देण्याचें काम सी भाषेच्या प्रमाण लायब्ररींतील कांहीं लहान कार्यविधि करितात. मूळची वही अगदीं साधी: वापरकर्त्यामागें एक ओळ, तींत अपूर्णविरामांनीं विभागलेलीं सात घरें, गटामागें एक ओळ, तींत चार घरें. पुढें मोठ्या संस्थांत ही वही दूरच्या यंत्रावर ठेवण्याची सोय झाली, आणि येथेंच खरी मेख आहे.

वही चाळली आणि नांव आढळलें नाहीं, ही एक गोष्ट. वही उघडलीच नाहीं, दूरच्या यंत्रानें उत्तर दिलें नाहीं, किंवा उत्तर ठेवावयास दिलेली जागा अपुरी पडली, ही अगदीं निराळी गोष्ट. परंतु जुना कार्यविधि दोन्ही प्रसंगीं रिकामाच हात पुढें करितो. भेद कळतो तो बाजूस ठेवलेल्या एका त्रुटिक्रमांकावरून. तो क्रमांक आधीं शून्य करून ठेवावा व मागाहून पाहावा, असा दंडक आहे. पण घाईचा कारकून त्याकडे पाहतोच असें नाहीं. शिवाय निरनिराळ्या प्रणाली ‘आढळला नाहीं’ यासहि निरनिराळे क्रमांक देत आल्या आहेत.

यांत बिघडतें काय? एखाद्या टपाल-सेवकयंत्राचें उदाहरण घ्या. वही क्षणभर मुकी झाली, आणि त्यानें तिचें मौन म्हणजे नकार असें मानिलें, तर ‘असा मनुष्य येथें नाहीं’ या शेऱ्यासह पत्र कायमचें परत जातें. ‘सध्यां सांगतां येत नाहीं’ एवढें म्हटलें असतें, तर धाडणाऱ्या यंत्रानें थोड्या वेळानें तें पुनः आणिलें असतें.

कोणी म्हणेल, इतकी बारीक फोड कशाला? शंभरांतून बहुतेक वेळां दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच होतो. खरें आहे, परंतु विचारणाऱ्यास वही पाहतां येत नाहीं, म्हणूनच तो विचारावयास येतो. ज्यास पडताळतां येत नाहीं, त्याच्याशीं बोलतांना सत्याची जबाबदारी सर्वस्वीं बोलणाऱ्यावर पडते. न पाहतां दिलेला नकार योगायोगानें खरा ठरला, तरी देणारा सत्यवादी ठरत नाहीं. उलट, पाहून खात्री झाल्यावरहि ‘उद्यां या’ म्हणणें हीहि प्रतारणाच. दोन्ही शब्द आपापल्या जागीं राखणें, हाच त्याचा धर्म.

असा संकेत वर्षानुवर्षें सांभाळणाऱ्या मनुष्याचें नांव कोणास ठाऊक नसतें. काम नीट चाललें, तर तें चाललें आहे याचीहि कोणास वार्ता नसते. पण मांजरीचा एखादा शेतकरी बापाच्या पश्चात् वारसाची नोंद पाहावयास जातो, तेव्हां या कामाची किंमत कळते. ‘नाहीं’ ऐकून तो खालच्या मानेनें घरीं परततो. ‘दप्तर अद्याप पाहिलेलें नाहीं’ असें ऐकलें, तर तो दुसऱ्या दिवशीं पुनः येतो.