कळ कुणी दाबली?

‘काउंटर-स्ट्राइक’ या गोळीबाराच्या व्हिडिओ गेममध्ये धावता धावता झाडलेली गोळी नेम चुकवते. आधी थांबावं लागतं. डावीकडे सरकताना ‘ए’ ही कळ दाबलेली असते. ती सोडून क्षणभर ‘डी’ दाबली, की पात्र जागच्या जागी थबकतं आणि तेवढ्यात गोळी झाडायची. एक कळ सुटण्याआधीच दुसरी दाबली गेली किंवा दोन्हींच्या मधे जरा वेळ गेला, की संधी हुकते. हे बोटांत मुरायला वर्षं लागतात.

जुलै २०२४ मध्ये रेझर कंपनीनं आपल्या कीबोर्डात ‘स्नॅप टॅप’ ही सोय आणली. वूटिंग या दुसऱ्या कीबोर्ड कंपनीनंही तसंच काही दिलं. ‘ए’वरचं बोट उचललं नाही तरी ‘डी’ दाबताच कीबोर्ड पहिली कळ आपणहून सोडून देतो. महिन्याभरात, १९ ऑगस्टला, खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्हनं ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या अधिकृत सर्व्हरवर अशा सोयीला बंदी घातली. ‘महागडा माउस चालतो, मग हे का नाही?’ असा वाद तेव्हा पुष्कळ रंगला. माझ्या मते व्हॉल्व्हचं बरोबर होतं. चांगला माउस माझ्या हाताची हालचाल चुकीसकट पोचवतो. हा कीबोर्ड माझी चूक पुसून टाकतो. स्पर्धा मोजते ती नेमकी ही चूक: कुणाची किती कमी होते, एवढंच.

हा प्रश्न नवा नाही. २०१८ साली ‘डोटा २’ या खेळाच्या क्वालालंपूर मेजर स्पर्धेसाठी दक्षिण अमेरिकेत पात्रता फेरी झाली. पेरूच्या ‘थंडर प्रिडेटर’ संघातला एक खेळाडू मीपो खेळत होता. मीपो म्हणजे एकाच वीराची अनेक शरीरं; प्रत्येकाला निवडून वेगळा हुकूम द्यावा लागतो, आणि ती धांदल सांभाळण्यातच त्याचं कसब. नोंदी तपासल्या तर हुकूम एकाच क्षणी सगळ्यांना सुटलेले. माउसमध्ये मॅक्रो, म्हणजे एका दाबात अनेक हुकूम सोडणारी आज्ञावली, भरलेला होता. संघ बाद झाला. माउस दुकानात राजरोस मिळणारा होता, आणि मला त्या प्रकरणातलं हेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. फसवणुकीचं साधन चोरबाजारातूनच येतं असं नाही; ते खोक्यातून, वॉरंटी कार्डासकट येतं.

त्याच वर्षी शांघायच्या एका ‘काउंटर-स्ट्राइक’ स्पर्धेत ‘ऑप्टिक इंडिया’चा खेळाडू पंचांच्या हाती लागला. नेम आपोआप साधणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलला त्यानं ‘वर्ड.ईएक्सई’ असं साळसूद नाव दिलं होतं. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली आणि संघही मोडला. आपल्याकडच्या खेळाडूंना त्याची झळ पुढे बराच काळ लागली. पण तिथे निदान पंचांना शोधायला काहीतरी होतं: चोरी त्याच संगणकात होती.

आता ती तिथे नसते. मदरबोर्डच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत एक कार्ड बसवतात. प्रोसेसरला न विचारता मेमरी वाचायची मुभा अशा कार्डांना मुळातच असते. नेटवर्क कार्डाचा वेग त्यावरच चालतो. हे कार्ड नेटवर्क कार्डाचंच सोंग घेऊन बसतं, खेळाची मेमरी वाचतं आणि केबलनं शेजारच्या दुसऱ्या संगणकाला पुरवतं. तिथल्या पडद्यावर भिंतीआडचे शत्रू ठिपक्यांसारखे दिसतात. खेळाच्या संगणकावर वावगा प्रोग्राम एकही चालत नाही. या वाटेची ताकद उल्फ फ्रिस्क या सुरक्षा-संशोधकानं २०१६ मध्ये ‘पीसीआयलीच’मधून दाखवली होती, ती संशोधनासाठी. तिचा धंदा पुढे इतरांनी केला.

त्यावरचा उपाय मला अस्वस्थ करतो. ‘व्हॅलोरंट’ या खेळासाठी रायट कंपनीनं २०२० मध्ये आणलेलं ‘व्हॅनगार्ड’ हे फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर संगणक सुरू होतानाच जागं होतं आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसतं. विंडोज ११ वर ते टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्यात असं मागतं. म्हणजे चोर कुणीतरी एक, आणि घराच्या किल्ल्या द्यायच्या सगळ्यांनी. जुन्या जुळवाजुळवीच्या संगणकावर सरळपणे खेळणारं पोर बायोसच्या निळ्या पडद्यावर अडकतं, आणि कार्ड विकणारा तोवर पुढची आवृत्ती काढतो. मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धा आयोजकांच्या संगणकांवर, पंचांच्या डोळ्यांदेखत व्हाव्यात. घरोघरची पहारेदारी वाढवण्यापेक्षा हा खर्च मला रास्त वाटतो.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आहे, त्यामुळे नियम लिहिणाऱ्यांची जबाबदारी वाढली. इथला बहुसंख्य खेळाडू फोनवर खेळतो. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) खेळणारी पोरं फोनच्या कडेला चिमट्यासारखे ट्रिगर लावतात. पोको एफ३ जीटीसारख्या फोनमध्ये तर ते २०२१ पासून बसवलेलेच आले. अशा वस्तूंची नावं नियमावलीत लिहून भागणार नाही, दर सहा महिन्यांनी नवी निघते. वस्तू काय करते ते लिहावं. एका दाबाला एकच स्पर्श होत असेल तर तो ट्रिगर मला खटकत नाही. मात्र तो सर्वांना खुला हवा. एका दाबात दहा स्पर्श होत असतील, तर तो बाहेरून लावलेला असो की कारखान्यातून आलेला, स्पर्धेत बंदच हवा.