बायकोला तरी सांगा

समजा, निपाणीतल्या एका एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक आणि आशा कार्यकर्ती बोलत बसल्या आहेत. आशाताई विचारते, "मॅडम, त्याचा रिपोर्ट काय आला? त्याची बायको माझ्या गल्लीतली. वखारीत तंबाखू चाळायला जाते, लेकरं लहान आहेत." समुपदेशक म्हणते, "ताई, कुणाचाच रिपोर्ट मला तुम्हाला सांगता येत नाही." त्यावर आशाताई म्हणते, "मला नका सांगू. बायकोला तरी सांगा."

पहिल्या मागणीला नकार देणं सोपं आहे. दुसरीला सोपं नाही, कारण तीत न्याय आहे. नवऱ्याच्या अब्रूपेक्षा बायकोचा जीव मोठा, हे कोण नाकारेल? पण इथं अब्रू एका पारड्यात आणि जीव दुसऱ्यात, अशी मांडणीच मला चुकीची वाटते. दोन्ही पारड्यांत जीवच आहेत. निपाणीसारख्या गावात एका माणसाचा रिपोर्ट फुटला, तर ती बातमी वखारीत आणि बाजारात पोचायला वेळ लागत नाही. मग ज्याला स्वतःबद्दल शंका आहे, तो तपासणीलाच येत नाही. त्याच्या बायकोला सावध करायला मग कुणाकडेच माहिती उरत नाही. हे काम भरवशावरच चालतं. सांगलीच्या संग्राम संस्थेनं 1992 मध्ये वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर काम सुरू केलं. ते पुढं निपाणीपर्यंत आलं. निरोध वाटणं, माहिती देणं हे काम त्या बायकांनी स्वतःच हाती घेतलं, कारण त्यांचा भरवसा एकमेकींवरच होता. शिवाय, नियमित औषधांनी रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. म्हणजे नवऱ्याला उपचारावर टिकवणं हेही बायकोचं संरक्षण आहे, आणि बोभाट्याच्या भीतीनं तो पळाला तर तेही जातं.

"आणि तो औषध घेणार नाही, बायकोलाही सांगणार नाही म्हणाला तर?" आशाताईचा हा प्रश्न टाळता येत नाही. गुप्तता म्हणजे काहीही झालं तरी गप्प बसणं असं मी म्हणत नाही, आणि कायदाही म्हणत नाही. 1998 साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका तरुणाचं प्रकरण आलं. रुग्णालयाकडून त्याची लागण उघड झाली, लग्न मोडलं, समाजानं वाळीत टाकलं, गाव सोडावं लागलं. न्यायालयानं रुग्णालयाला दोषी धरलं नाही, कारण होणाऱ्या वधूचा जीव धोक्यात होता. निष्कर्ष समजण्यासारखा आहे, पण बातमी वधूपाशी थांबली नाही हे विसरू नये. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा म्हणूनच मला अधिक शहाणा वाटतो. जोडीदाराला खरा धोका असेल, रुग्णाला स्वतः सांगण्याबद्दल समुपदेशन झालं असेल, तरी तो सांगणार नाही अशी खात्री पटली असेल आणि आपण सांगणार आहोत हे त्याला आधी कळवलं असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाला जोडीदाराला सांगता येतं. तेही समोर बसवून, समुपदेशन करून. दार आहे, पण ते फक्त जोडीदाराकडे उघडतं. गल्लीकडे नाही, सासरकडे नाही.

कुणी म्हणेल, इतक्या पायऱ्या चढेपर्यंत लागण होऊन जाईल. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याची किंमत कधीकधी बायकोच मोजेल हे मान्य करायला हवं. पायऱ्या गाळायच्या नाहीत, पण म्हणूनच त्या काही दिवसांत चढायच्या, महिने घालवायचे नाहीत. पण बाजू उलटी करून पाहा: लागण बायकोला आहे आणि नवऱ्याला सांगितलं तर तो तिला मारील, घराबाहेर काढील. अशी रास्त भीती असेल तिथं सांगू नये, असं कायदा बजावतो. ज्या नियमानं आज नवरा झाकला जातो, त्याच नियमाच्या आडोशाला उद्या ती उभी असेल.

निपाणीसारख्या कर्नाटकातल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. सरकारी कागद कन्नडमध्ये, बाईला वाचता येत असलं तर मराठी. ती तो कागद शेजारच्या कॉलेजातल्या पोराकडे नेते, आणि केंद्रानं जपलेलं गुपित अंगणात उघडं पडतं. तेव्हा कागद हाती देण्याआधी दार लोटून त्यातलं सगळं मराठीत सांगणं, हाही गुप्ततेचाच भाग आहे.

"मग या सगळ्या पायऱ्या होईपर्यंत मी काय करू?" आशाताई विचारील. समुपदेशकानं तिला सांगावं: "तिला एकटीला नका आणू, ताई. गल्लीतल्या सगळ्याच बायकांना तपासणीला घेऊन या."